नवमीचा पाऊण तास

“पण ही चूक अजून किती वर्षं सांभाळायची, सर?”

राऊत सर बांधावर बसून काठीच्या टोकाने पायाचा चिखल काढत होते.

“कोणती?”

“भागाकाराची. सातला चाराने भागलं की आपली सुतळी म्हणते, एक. उरलेले तीन कुठे गेले ते सांगतच नाही.”

“गेले.”

“कुठे गेले?”

“यंत्रात जागा नव्हती, असं मी लोकांना सांगतो,” सर म्हणाले. “खरं म्हणजे तेव्हा मला ते ठेवता आले नाहीत.”

सुतळी ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा. भार्गव राऊत तंत्रनिकेतनात शिकवत होते तेव्हा, तीस वर्षांपूर्वी, त्यांनी ती एकट्याने बनवली. छोट्या यंत्रांसाठी. पाण्याचे पंप, भोंगे, आणि खाडीच्या बांधातले लोखंडी दरवाजे. त्या दरवाजाला इथे उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडली की शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती चढायच्या आधी ती बंद करावी लागते, नाहीतर खाडी शेतात येते. किनाऱ्यावरच्या एकशे चाळीस उघाड्या अजून सुतळीवर चालतात.

सर आता आपल्या गावी असतात, कोळवे खारला. वीस गुंठे भात लावतात.

समोर उभी होती ती अनघा कारखानीस, त्यांची विद्यार्थिनी. गेली पाच वर्षं सुतळीचा सगळा कारभार तिच्याकडे आहे. तिच्याइतकं सुतळी जाणणारं दुसरं कोणी नाही, आणि हे तिलाही माहीत आहे.

तिच्या पिशवीत एक कागद होता. नव्या सुतळीत भागाकार बरोबर होणार होता. सात भागिले चार, पावणेदोन. कागदावर चौघांच्या सह्या झाल्या होत्या. पाचवी सरांची राहिली होती. सरांच्या सहीशिवाय सुतळीतलं जुनं काही बदलायचं नाही, हा सुतळी सांभाळणाऱ्या पाच जणांच्या मंडळाचा नियम. तो पूर्वी अनघानेच लिहिला होता.

नारळी पौर्णिमेला नवी सुतळी सगळ्या उघाड्यांवर जायची होती. आज श्रावण शुद्ध नवमी. सहा दिवस उरले होते.

“काल तुम्ही स्वतः पाहिलंत,” अनघा म्हणाली. “इथल्याच उघाडीच्या यंत्रात मी नवी सुतळी घातली. तीनच्या ठोक्याला दरवाजा बंद झाला. पहाटे तीनलाही झाला, मी उठून पाहिलं. मिनिटाचा फरक नाही.”

“पाहिलं.”

“तीनशे बारा जुने प्रोग्रॅम नव्या सुतळीवर चालवले. एकही अडखळला नाही.”

“अडखळला असता तर बरं झालं असतं.”

अनघा हसली. सर हसले नाहीत.

ती त्यांच्या शेजारी बसली. आवाज खाली आणून म्हणाली, “सर, माझ्या वर्गात एक मुलगी आहे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, बाई, उरलेले तीन कुठे गेले? मला उत्तर देता आलं नाही. तीन वर्षांत अकरा मुलं सुतळी शिकायला आली. नऊ सोडून गेली. जी गेली ती हसत गेली. चौथीतल्या मुलाला येतं ते तुमच्या भाषेला येत नाही, म्हणाली.”

“हं.”

“अजून दहा वर्षांनी सुतळी येणारं कोणी उरणार नाही. मग या उघाड्या कोण सांभाळणार? मी काही मोडायला आलेली नाही. जगवायला आले आहे.”

सरांनी खाडीकडे पाहिलं.

“खरं आहे,” ते म्हणाले.

“मग सही करा.”

“इथला प्रोग्रॅम वाचलास?”

“वाचला. चाळीस ओळी.”

“सगळ्या समजल्या?”

“हो.” मग जरा थांबून, “एका ठिकाणी चार आकडे होते. पंचेचाळीस, तीस, पंधरा, शून्य. इथलं स्थानिक काहीतरी असेल. त्याने काही अडत नव्हतं.”

सरांनी काठी खाली ठेवली.

बांधाच्या आतल्या बाजूला एक बाई कमरेइतकी वाकून काम करत होती. उघाडीच्या आत पहिला तुकडा सरांचा, वीस गुंठ्यांचा. त्याच्यापलीकडे आतला छोटा बांध, आणि त्या बांधापलीकडे गावाची शेतं, ऐंशी एकर. छोट्या बांधाला पाणी जायला एक मोरी आहे. ती बाई मोरीला फळी लावून वर चिखल थापत होती.

ती चांगुणा म्हात्रे. उघाडीची राखण तिच्याकडे. तिच्या आधी तिचे सासरे हसुराम राखणीला होते. चौथी शिकलेले. यंत्र बसलं तेव्हा त्यांनी सरांकडून सुतळी शिकून घेतली, आणि इथला प्रोग्रॅम स्वतः लिहिला. अकरा वर्षांपूर्वी ते वारले. प्रोग्रॅमला तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही.

“मोरी का बुजवतेय ती?” अनघाने विचारलं.

“मी सांगितलं.”

“का?”

“आजचा दिवस राहा.”

“सर, दोनची एसटी आहे.”

“ती उद्याही असते.”

“काल सगळं बरोबर झालं ना? आज वेगळं काय होणार आहे?”

“आज नवमी आहे,” सर म्हणाले, आणि घराकडे चालू लागले.

साडेतीनला तिघं उघाडीवर होती.

आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. उघाडीतून शेतातलं गढूळ पाणी संथपणे खाडीत जात होतं. यंत्राच्या पेटीवर हिरवा दिवा लागला होता.

खाडीकाठी भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे तिने गुणून चाराने भागायचं. काल अष्टमी, आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहा वाजता पूर्ण भरती. उघाडी त्याच्या तीन तास आधी बंद करायची. यंत्रही हेच करतं. त्यातली तिथी पंचांगासारखी सूर्योदयाला बदलते.

“आज नऊ त्रिक सत्तावीस,” अनघा म्हणाली. “भागिले चार, पावणेसात. वजा तीन तास. पावणेचारला दरवाजा बंद होईल. बघा तुम्ही.”

“पानी काय घड्याल लावत नाय, बाय,” चांगुणा म्हणाली. ती यंत्राकडे बघतच नव्हती. तिची नजर उघाडीच्या दगडी उंबऱ्यावर होती.

पावणेचार वाजले.

हिरवा दिवा तसाच राहिला.

अनघाने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. मग फोनमध्ये पाहिलं.

पाण्यावर एक काटकी होती. ती खाडीकडे चालली होती. उंबऱ्याशी आली आणि थांबली. स्वतःभोवती एकदा फिरली. मग हळूहळू आत येऊ लागली.

“लागलं पानी,” चांगुणा उठली. “मास्तर, दरवाजाचं चाक फिरवू?”

सरांनी हात वर केला.

“थांब.”

“खारं पानी हाय, मास्तर!”

“माझ्याच शेतात जाईल.”

चांगुणा उभीच राहिली.

अनघाने पेटीचं झाकण उघडलं. छोट्या पडद्यावर यंत्राने आज काढलेली वेळ होती. साडेचार.

“साडेचार?” ती म्हणाली. “साडेचार कुठून आले?”

पाण्याचा आवाज बदलला होता. आता ते आत येत होतं.

तिने एक एक ओळ खाली सरकवली. तिथी… गुणिले तीन… भागिले चार… पावणेसात बरोबर होते. मग ती त्या चार आकड्यांपाशी आली. नवमीपुढे पंचेचाळीस.

“चांगुणाताई, हे आकडे कसले आहेत?”

“कंचे?”

“पंचेचाळीस, तीस, पंधरा, शून्य.”

चांगुणाने उजव्या हाताची चार बोटं पुढे धरली. करंगळीपासून एक एक दाबत म्हणाली, “पाऊन, अर्धा, पाव, काय नाय. पाऊन, अर्धा, पाव, काय नाय. प्रतिपदेपासनं धरायचं. मामंजी असंच मोजायचे.”

“पण कशासाठी?”

“यंत्र घाई करायचं म्हनून. शेतातलं पानी जायचं बाकी, आन ह्याचा दरवाजा बंद. भात कुजायला लागलं. मंग मामंजी इथं येऊन बसले. चार महिने. रोज दोन्ही भरत्यांना. कोन्त्या तिथीला किती घाई करतंय, ते बघितलं, आन तेवढं त्याच्यात घातलं.”

“त्यांना कारण कळलं होतं?”

“कारन कशाला लागतंय? पानी दिसत होतं की.”

अनघा पडद्याकडे पाहत राहिली.

“उरलेले तीन…” ती म्हणाली.

सत्तावीस भागिले चार. जुनी सुतळी म्हणायची, सहा, आणि उरलेले तीन टाकून द्यायची. म्हणून दरवाजा पाऊण तास आधी बंद व्हायचा. सुतळीने टाकलेलं हसुरामने पाण्यातून वेचलं आणि परत आत घातलं. आता नवी सुतळी काही टाकत नव्हती. पण हसुरामचे आकडे जिथल्या तिथे होते. एकच पाऊण तास दोनदा धरला जात होता.

“आणि काल अष्टमी,” अनघा स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “चौथं बोट. काही नाही.”

सरांच्या भातात पाणी शिरलं होतं. हिरव्या पात्यांच्या बुडाशी ते आधी चकाकलं, मग पसरलं.

“सर, दरवाजा!”

सर बसूनच होते.

“हे शेत तीन वर्षं जाईल, सर! तीन वर्षं इथे भात येणार नाही!”

“हो.”

अनघा धावली. उघाडीवरच्या लोखंडी चाकाला तिने दोन्ही हात घातले.

“उलटं नको, बाय! डावीकडं!”

“किती फेरे?”

“ऐंशी!”

तीस फेऱ्यांवर तिच्या तळहाताचं कातडं सोललं. चांगुणाने दुसरी बाजू धरली. पुढचे पन्नास दोघींनी मिळून फिरवले. दरवाजा उंबऱ्याला टेकल्याचा आवाज आला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

सरांचं दोन तृतीयांश शेत घोट्याइतक्या पाण्यात होतं. आतल्या बांधाची मोरी चिखलाने बंद होती. गावाच्या ऐंशी एकरांत थेंब गेला नव्हता.

अनघा चाकाला टेकून श्वास घेत होती.

चांगुणाने सरांच्या शेतात उतरून बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि थुंकली. मग पदराने डोळे पुसले.

“तुमची सुतली लय शिकलेली हाय, बाय,” ती म्हणाली. “पन पानी शिकलेलं नाय.”

साडेचारला पेटीतून टक् असा आवाज आला. मोटर सुरू झाली. बंद दरवाजा तिने पुन्हा बंद करून पाहिला, जराशी घरघरली, आणि थांबली. हिरव्याचा लाल दिवा झाला. पडद्यावर अक्षरं उमटली… काम पूर्ण.



बऱ्याच वेळाने अनघा सरांपाशी आली.

“तुम्हाला माहीत होतं.”

“नाही.”

“मग मोरी का बुजवलीत?”

“हसुराम चार आकडे उगाच घालणारा माणूस नव्हता. एवढंच माहीत होतं.”

“मग चांगुणाताईंना आधीच विचारायचंत ना! त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं.”

“मी विचारलं असतं, तर ते फक्त मला कळलं असतं.”

अनघाने मान खाली घातली.

“आज भांगाची भरती,” चांगुणा म्हणाली. “महिन्यातलं सगल्यात मवाल पानी. म्हनून घोट्याएवढ्यावर भागलं. उधानाचं असतं तर त्या मोरीसकट बांध गेला असता.”

अनघा बोटांवर मोजू लागली. करंगळीपासून, चांगुणासारखीच.

“पौर्णिमेला नवी सुतळी सगळीकडे जाणार होती,” ती म्हणाली. “पंधरावी तिथी. पाव तास… लक्षातही आलं नसतं कुणाच्या. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. पहिलं बोट. पाऊण तास. आणि उधाण.”

तिने बोटं मिटली.

“एकशे चाळीस उघाड्या.”

खाडी आता बांधाच्या बाहेर पुरुषभर चढली होती. दरवाजाच्या फटीतून एक बारीक धार आत येत होती, नेहमीसारखी.

“मी हे चार आकडे काढून टाकते,” अनघा म्हणाली. “मग इथलं बरोबर होईल.”

“इथलं,” सर म्हणाले.

“बाकीच्या प्रोग्रॅममध्येही शोधते. जिथे जिथे भागाकाराच्या पुढे काही मिळवलेलं असेल…”

“सोनखारला नाय सापडायचं,” चांगुणा मध्येच म्हणाली. “माझं माहेर ते. तिथल्या यंत्रात आकडे नायत. भाऊ माझा नवमीला दरवाजा लागायच्या टायमाला मोटरची कल, बटन ते, पाऊन तास बंद ठेवतो. मंग लावतो.”

“का?”

“बापाने सांगितलं म्हनून. बाप पन तेच करायचा.”

“त्यांनी कुठे लिहून ठेवलंय?”

“लिवायचं काय त्यात? नवमी आली की कल बंद.”

अनघाने तळहात पाहिले. चाकाचा गंज सोललेल्या कातडीत गेला होता.

“सर, पण चूक ती चूकच ना?”

“माझी होती तेव्हा चूक होती.”

“आणि आता?”

सर आपल्या शेताकडे पाहत राहिले. पाण्यावर भाताची टोकं तेवढी दिसत होती.

अनघा उठून बांधावर चालत गेली. पन्नास पावलं गेली असेल. परत आली.

“एक मार्ग आहे,” ती म्हणाली. “प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत खूण ठेवायची. मी जुना आहे, अशी. ती खूण दिसली की सुतळी जुना भागाकार करील. नसली की नवा. दोघांचंही भागेल.”

“खूण कोण लिहिणार?”

“ज्याचा प्रोग्रॅम त्याने.”

“मामंजी लिवनार?” चांगुणा म्हणाली. “त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. आन असते तरी का लिवतील, मी जुना म्हनून? ज्या दिवशी लिवलं त्या दिवशी नवंच होतं की ते.”

या वेळी अनघा चालायला गेली नाही. उघाडीच्या दगडावर बसली. संध्याकाळचे बगळे आतल्या बांधावर येऊन उतरले. खारं पाणी आलेल्या तुकड्यात त्यांतला एकही उतरला नाही.

“मग उलटं,” ती शेवटी म्हणाली. “खूण नव्याने लावायची. ज्याला नवा भागाकार हवा, त्याने पहिल्या ओळीत तसं लिहायचं. ज्याने काहीच लिहिलेलं नाही, त्याला सुतळी हात लावणार नाही. तो जसा चालत होता तसा चालेल.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

“पण मग जुना भागाकार कायमचा राहील,” अनघाचा आवाज चढला. “आणि त्या मुलीने, जिचं बरोबर होतं, तिने जन्मभर प्रत्येक प्रोग्रॅमला एक ओळ जास्त लिहायची. तुमच्या चुकीपायी. तिने काय बिघडवलं होतं?”

“काही नाही.”

“मग तिनेच का?”

“ती लिहू शकते,” सर म्हणाले.

अनघाने पिशवीतून कागद काढला. दमटाने तो मऊ पडला होता. “जुना भागाकार काढून टाकावा” या ओळीवर तिने काट मारली. हात दुखत होता, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आलं. खाली लिहिलं, “नव्याने आपण नवे असल्याचे सांगावे. जुन्याला विचारू नये.” चौघांच्या सह्यांवरही तिने एक एक रेघ ओढली.

“त्यांच्याकडे मी पुन्हा जाईन,” ती म्हणाली. “पौर्णिमा रद्द. जेव्हा होईल तेव्हा होईल. पण आधी तुमची सही द्या, सर. एवढं तरी.”

सरांनी कागद घेतला. दूर धरून वाचला. खालची ओळ दोनदा वाचली. मग चांगुणाकडे दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

सरांनी खिशातलं पेन काढलं. टोपण काढलं.

थांबले.

“‘जुन्याला विचारू नये’ हे कशाला?”

“त्यांना त्रास नको म्हणून.”

सरांनी ते तीन शब्द खोडले. फक्त तेवढेच. पेनाला टोपण लावलं आणि कागद तिच्या सोललेल्या हातात ठेवला.

“माझी सही शेवटी,” ते म्हणाले. “आधी हसुरामची आण. एकेका उघाडीवरच्या हसुरामची.”

अनघाने चांगुणाकडे पाहिलं. मग सरांकडे.

“सर… हसुराम वारले आहेत.”

सर उठले. काठी घेतली. पाणी भरलेल्या आपल्या शेताच्या कडेने दोन पावलं गेले.

“हो,” ते म्हणाले. “म्हणून तर वेळ लागतो.”